कौटुंबिक हिंसाचार आणि कायद्याचे संरक्षण

घरात होणाऱ्या मारहाणीचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हणजे बोलायचे नाही. मग त्या बाईपुढे दोनच वाटा उरतात. एक तर निमूटपणे सोसायचे, नाही तर पोरांना घेऊन माहेरची एस. टी. धरायची. माहेरी भावाचा संसार असतो. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी शेजारीण विचारते, "नांदायला कधी जाणार?" आणि बाई पुन्हा पहिल्या वाटेवर येते.

या दोन वाटांखेरीज तिसरी वाट आहे. आहे त्याच घरात, अंगाला हात न लागू देता, हक्काने राहण्याची. ही वाट कायद्याने २००६ सालापासून खुली केली आहे. परंतु आपल्यातील शिकल्या-सवरल्या मंडळींनाही ती नीट ठाऊक नसते. ती समजून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही वकील नव्हे. बँकेत कारकुनी करणारे आहोत. वाचून जे समजले ते सोप्या भाषेत मांडत आहोत. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावाच, आणि तो फुकट कसा मिळतो हेही पुढे सांगितले आहे.

थोडी पार्श्वभूमी

स्त्रीला घरात क्रूरपणे वागवणे हा गुन्हा आहे, हा विचार आपल्या भागाला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणाची वागणूक देण्यास बंदी करणारा कायदा केला. त्याच वर्षी आंतरजातीय विवाह आणि काडीमोड या विषयांवरही त्यांनी कायदे केले. स्वतंत्र भारतात नवऱ्याच्या व सासरच्या क्रूरतेला स्वतंत्र गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतील कलम ४९८-अ आले ते १९८३ साली, म्हणजे चौसष्ट वर्षांनी. मधल्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलातून स्त्रीला वारसा, घटस्फोट व पोटगीचे हक्क देण्याचा प्रयत्न केला आणि ते बिल रखडले तेव्हा १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपणा सर्वांस माहीत आहे.

४९८-अ कलमाने गुन्हेगाराला शिक्षेची तरतूद झाली, पण बाईच्या पोटाचा आणि डोक्यावरच्या छपराचा प्रश्न तसाच राहिला. नवरा तुरुंगात गेला तर सासरचे दार बंद, आणि नाही गेला तर मार चालू. १९८८ साली संगमनेर येथे टाकलेल्या स्त्रियांची परिषद भरली, तिथेही घर, पोटगी आणि मुले हेच प्रश्न पुढे आले. स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९९३ साली मान्यता दिली. देशभरातील स्त्री संघटनांचा आग्रह चालूच होता. अखेर 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' मंजूर झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला.

हिंसाचार कशाला म्हणायचे?

या कायद्याने हिंसाचाराचे चार प्रकार सांगितले आहेत. पहिला शारीरिक : मारणे, ढकलणे, चटका देणे, धमकावणे. दुसरा लैंगिक. तिसरा शाब्दिक व मानसिक : शिव्या, टोमणे, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून हिणवणे, तिच्या जिवाभावाच्या माणसाला मारण्याची धमकी देणे. चौथा आर्थिक, आणि याविषयी बँकेत बसणाऱ्या माणसाने थोडे अधिक बोलले पाहिजे.

घरखर्चाला पैसे न देणे, बाईने कमावलेले पैसे काढून घेणे, तिचे स्त्रीधन परस्पर विकणे, घरातून हाकलण्यासाठी घरभाडे थकवणे, हे सगळे कायद्याच्या भाषेत हिंसाचारच आहे. काउंटरवर बसले की हे दिसते. पैसे काढण्याची स्लिप बाईच्या नावाची, अंगठा बाईचा, आणि नोटा मोजून खिशात घालणारा दुसराच. बायकोचे गंठण सोनेतारणात ठेवायचे, कर्ज फेडायचे नाही, आणि दागिना लिलावात गेल्यावर तिला कळायचे. कोणी याला मारहाण म्हणत नाही. परंतु ज्या बाईच्या हातात एस. टी. च्या तिकिटापुरतेही पैसे नसतात ती मार चुकवून जाणार तरी कोठे? म्हणून आर्थिक अत्याचार हा बाकीच्या तिन्हींचा पाया आहे, असे आम्हांस वाटते.

आणि हे विरळा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात साधारणपणे दर चार विवाहित स्त्रियांमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. सांगितले नाही अशा किती, ते वेगळेच.

कोणाला लागू?

हा कायदा फक्त बायकोसाठी आहे, असा समज आहे. तसे नाही. एका घरात नात्याने राहणारी किंवा राहिलेली कोणतीही स्त्री दाद मागू शकते : आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या संबंधात राहिलेली स्त्रीसुद्धा. धर्माचे किंवा जातीचे बंधन नाही.

आपल्या समाजात एक प्रश्न नेहमी विचारला जातो : विवाह बौद्ध पद्धतीने झाला, नोंद केली नाही, मग कायदा लागू होतो का? होतो. २००५ चा कायदा सर्वांना आहेच. शिवाय घटस्फोट व त्यातील पोटगीसाठी असलेला १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याच्या दुसऱ्या कलमान्वये बौद्धांनाही लागू आहे. तरी विवाहाची नोंद करून ठेवणे केव्हाही चांगले. राज्यात यासाठी १९९८ चा स्वतंत्र कायदा आहे. मंगल परिणयाचे फोटो, पत्रिका, साक्षीदारांची नावे जपून ठेवावीत.

तक्रार कोणाविरुद्ध करता येते? पूर्वी 'प्रौढ पुरुषा'विरुद्धच, असे कायद्यात होते. मुंबईतील एका आई व मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१६ रोजी ते शब्द रद्द केले. तेव्हापासून सासू-नणंद यांच्याविरुद्धही थेट दाद मागता येते.

पाच प्रकारचे आदेश

विद्यार्थ्यांनी हा भाग पाठ करून ठेवण्यासारखा आहे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी पुढील आदेश देऊ शकतात.

१. संरक्षण आदेश : मारहाण करू नये, तिच्या कामाच्या जागी किंवा मुलांच्या शाळेत जाऊन त्रास देऊ नये, तिच्याशी फोनवरूनही संपर्क साधू नये. मालमत्ता विकू नये, बँक खाती व लॉकर न्यायालयाच्या परवानगीवाचून वापरू नयेत, असाही आदेश यात देता येतो.

२. निवास आदेश : तिला घरातून काढू नये, घर विकू नये, गरज पडल्यास नवऱ्यानेच घराबाहेर राहावे, किंवा तिला तशाच दर्जाचे घर भाड्याने घेऊन द्यावे. घराबाहेर राहण्याचा आदेश मात्र स्त्रीविरुद्ध देता येत नाही. स्त्रीधन परत करण्याचा आदेशही याच कलमाखाली मिळतो.

३. आर्थिक साहाय्याचा आदेश : तिचा व मुलांचा उदरनिर्वाह, औषधोपचार, बुडालेली मजुरी. नवऱ्याने पैसे भरले नाहीत तर त्याच्या मालकाला पगारातून थेट तिला रक्कम द्यायला न्यायालय सांगू शकते.

४. ताबा आदेश : मुलांचा तात्पुरता ताबा.

५. नुकसानभरपाईचा आदेश : शारीरिक व मानसिक त्रासाबद्दल.

यातला निवास आदेश सर्वांत मोलाचा. "घर माझ्या आईच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?" हा आपल्याकडचा ठरलेला सवाल. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी याचे उत्तर दिले. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले, तरी ज्या घरात ती सून म्हणून नांदली त्या घरात राहण्याचा हक्क ती मागू शकते. मालकी मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. हक्क राहण्याचा आहे.

दुसरी गोष्ट अशी की या कायद्याखाली अर्ज केला म्हणजे नवऱ्याला लगेच अटक होते, हा गैरसमज आहे. न्यायालय आधी त्याला नोटीस काढते, त्याचे म्हणणे ऐकते, आदेश देते. तो आदेश मोडला तरच गुन्हा होतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. ज्या बाईला संसार मोडायचा नाही, नवऱ्याला तुरुंगात घालायचे नाही, फक्त मार थांबवायचा आहे, तिच्यासाठीच हा कायदा रचला आहे. "खोट्या तक्रारी होतात" म्हणून कायद्यालाच नावे ठेवणाऱ्या मंडळींनी हे लक्षात घ्यावे.

जायचे कोठे?

समजा, आजरा तालुक्यातील एका खेड्यातली लेक मुंबईला दिली आहे. आपल्या भागातील माणसे गिरणीच्या काळापासून मुंबईत आहेत, तेव्हा ही नेहमीची गोष्ट. त्रास मुंबईत झाला, ती आज माहेरी आहे. तिने दर तारखेला मुंबईला जायचे का? नाही. ती तात्पुरती का होईना जेथे राहते तेथील दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, म्हणजे आजऱ्याच्या न्यायालयातच. लेक सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात किंवा गोव्यात दिली असली तरी तेच. आणि आजऱ्यात मिळालेला आदेश भारतभर चालतो.

अर्ज तिने स्वतः द्यावा, किंवा संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत. संरक्षण अधिकारी हे महिला व बालविकास विभागाकडून नेमलेले असतात. आपल्या तालुक्यासाठी कोण आहेत याची चौकशी पंचायत समितीत किंवा अंगणवाडी सेविकेकडे करावी. ते 'कौटुंबिक घटना अहवाल' भरून घेतात. हा अहवाल नसला तरी न्यायालय अर्ज घेऊन आदेश देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा "आधी साहेबांचा अहवाल आणा" म्हणून कोणी परत पाठवले तर परत फिरू नये.

पहिली तारीख साधारणतः अर्जापासून तीन दिवसांच्या आत असावी आणि अर्ज पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून मुख्य अर्जासोबत अंतरिम आदेशाची मागणी लेखी करावी. प्रकरण तातडीचे असेल तर समोरचा हजर नसतानाही असा आदेश मिळतो. आदेशाची प्रत विनाशुल्क मिळते. आदेश मान्य नसल्यास तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. त्यापुढील उच्च न्यायालयाच्या कामासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने ती पायपीटही कमी झाली आहे.

वकिलाची फी कोठून आणायची? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. फोनवर चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. अंगावर बेतले असेल तर ११२, आणि महिलांच्या मदतीसाठी १८१.

फौजदारी तक्रार आणि पोटगी

२००५ च्या कायद्यामुळे जुने मार्ग बंद झालेले नाहीत. क्रूरतेची फौजदारी तक्रार करता येते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यात ४९८-अ ची तरतूद कलम ८५ व ८६ मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व दंड. सासरहून हाकललेली स्त्री माहेरच्या गावच्या पोलीस ठाण्यातही ही तक्रार देऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिला आहे. "आमच्या हद्दीत घडले नाही" हे उत्तर ऐकून गप्प बसू नये.

पोटगीचा जुना मार्ग म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५. ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवून दिले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि नवरा-बायको दोघांनीही आपले उत्पन्न व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावी. यावरून अर्ज लवकर करण्याचे महत्त्व कळून येईल. एकाहून अधिक ठिकाणी अर्ज करता येतो. पण एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे लपवू नये.

कागद जपा

न्यायालय कागदावर चालते. बाईची एकटीची साक्षही विचारात घेतली जाते हे खरे, पण जोडीला कागद असला की काम सोपे होते. म्हणून :

मारहाण झाली की ग्रामीण रुग्णालयात जाऊन उपचार घ्यावेत व केसपेपर जपावा. "पाय घसरून पडले" असे सांगू नये; डॉक्टर तेच लिहितील आणि तोच कागद पुढे आडवा येईल. पोलीस ठाण्यात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. घटना तारखेनिशी वहीत लिहून ठेवाव्यात. आधार कार्ड, शिधापत्रिका, मुलांचे दाखले, दागिन्यांच्या पावत्या यांच्या झेरॉक्स प्रती विश्वासातल्या माणसाकडे ठेवाव्यात.

आणि बँकेचे. प्रत्येक स्त्रीचे एकटीच्या नावाने खाते असावे व त्याला तिचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असावा. 'दोघांपैकी कोणीही' या सूचनेवर चालणाऱ्या संयुक्त खात्यातून नवरा सर्व रक्कम काढू शकतो आणि एरवी बँक त्याला अडवत नाही. न्यायालयाचा आदेश हाती आला की बँकेला त्याला अडवावे लागते. एटीएमचा पिन नवऱ्यालाही सांगण्याचे बंधन नाही. पासबुक वेळच्या वेळी भरून घ्यावे. घरखर्चाला किती पैसे येत होते आणि केव्हापासून बंद झाले, हे पासबुकाइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही.

बैठकीविषयी दोन शब्द

आता थोडे अवघड बोलायचे आहे. आपल्याकडे असे प्रकरण प्रथम पोलिसात जात नाही, बैठकीत जाते. चार वडीलधारी माणसे बसतात, नवऱ्याला दोन शब्द सुनावतात, तो मान खाली घालतो, चहा होतो, आणि लेक पुन्हा नांदायला जाते. यात हेतू चांगला असतो. पण महिन्याभरात पुन्हा मार बसला तर त्या बैठकीचा कागद कोठे असतो? ज्यांच्या शब्दावर ती गेली ती माणसे त्या रात्री तिच्या दाराशी नसतात. आणि दुसऱ्या वेळी तिला "मागेच मिटवले होते ना?" असे ऐकावे लागते.

समेट नकोच, असे आमचे म्हणणे नाही. कायद्यातही समुपदेशनाची सोय आहे. परंतु समेट तिच्या मनाने व्हावा, लेखी व्हावा आणि तिचा अर्ज दाखल झाल्यानंतर, न्यायालयाच्या किंवा संरक्षण अधिकाऱ्यांच्या नजरेखाली व्हावा. एवढे केले तरी मोडलेल्या शब्दाला किंमत मोजावी लागेल.

कायद्याने आपल्यावर विश्वासही टाकला आहे. हिंसाचार होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असे वाटले तर कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कोणतीही कारवाई होऊ शकत नाही. म्हणजे शेजाऱ्याने कान बंद करून घेण्याचे कारण उरले नाही.

गावाने ठरवले तर काय होते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. एका गावच्या ठरावाची दखल राज्याने घेतली.

आपण ठरावापर्यंत जाण्याआधी तीन साधी कामे करू शकतो. पहिले, प्रत्येक वस्तीत किमान दोन भगिनी अशा असाव्यात की ज्या अर्ज कसा लिहायचा हे शिकून घेतील आणि गरज पडेल तिच्याबरोबर न्यायालयात व रुग्णालयात जातील; एकटी बाई कचेरीच्या पायरीवरून परत फिरते, बरोबर कोणी असले की फिरत नाही. दुसरे, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुला-मुलींनी कायद्याची मराठी प्रत मिळवून ती विहारात किंवा वाचनालयात वाचून दाखवावी, आणि मुलांनी ती मुलींइतक्याच लक्षपूर्वक ऐकावी. तिसरे, लेकीचे लग्न ठरवताना भांड्याकुंड्यांची यादी करतो त्याच बैठकीत तिचे स्वतंत्र बँक खाते आणि विवाहाची नोंद या दोन गोष्टी यादीत लिहून घ्याव्यात.

ज्या घरात आज रात्री आवाज होईल, त्या घरातील भगिनीला हा लेख कदाचित वाचायला मिळणार नाही. वाचणाऱ्यांनी तो तिला सांगावा, ही नम्र विनंती.